राजावर खटला चालत नाही

आई, तू गेल्याला आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. एक गोष्ट तुला सांगायची राहिली. ती सांगायची तर सगळं पहिल्यापासून लिहायला हवं.

बाबा गेल्यावर तू इथं शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या मिठाईच्या दुकानात, मागच्या किचनमध्ये काम करायला लागलीस. एके दिवशी दुकानवाले काका म्हणाले, "वहिनी, एका छोट्या देशाचे राजे हार्टच्या ट्रीटमेंटसाठी शिकागोला आलेत. लेकच्या काठी घर घेतलंय. त्यांना आपलं जेवण आवडतं. तीन महिने त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाल का?" तू हसलीस. "अजून राजे असतात होय? आमच्याकडचे तर माझ्या लहानपणीच संपले." तुमच्या गावच्या संस्थानिकाच्या राजवाड्यापुढून जाताना तुझे आजोबा चपला काढून हातात घ्यायचे, हे तू मला कितीदा तरी सांगितलं होतंस. तरी गेलीस.

फेब्रुवारीतली दुपार आहे. मी लॉ स्कूलमधून घरी येते, तर तू अंगात कोट तसाच ठेवून सिंकपाशी उभी, उजवा हात नळाखाली. एवढं भाजलेलं असताना बसनं एकटी आली होतीस.

"सूप गार आहे म्हणाला," तू सांगितलंस. "मी उकळून आणलं. तर माझा हात धरला आणि त्यावर ओतलं. म्हणतो, आता सांग, गरम आहे का?" मग म्हणालीस, "सगळे बघत होते गं."

केस करायची हा हट्ट माझा होता. तू म्हणत होतीस, "जाऊ दे, राजा आहे तो." मी ओरडले, "आई, ही अमेरिका आहे! इथं कोणीही असो, कोर्टात उत्तर द्यावंच लागतं." माझ्या प्रोफेसरांच्या ओळखीच्या एका वकिलांनी केस घेतली. दोन आठवडे तू स्वयंपाक करताकरता इंग्रजी वाक्यं पाठ करत होतीस. 'ही हेल्ड माय हँड.' 'हेल्ड' म्हणताना दर वेळी अडखळायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस.

कोर्टात ते वाक्य बोलायची वेळच आली नाही. गादीवर असलेल्या राजाला इथल्या कोर्टात खेचता येत नाही, त्याला इम्युनिटी, म्हणजे खटल्यापासून संरक्षण आहे, असं अमेरिकन सरकारनंच कोर्टाला लिहून कळवलं होतं. जजनी ते मान्य केलं. आपण कॉरिडॉरमध्ये आलो. तुझ्या हाताला बँडेज, ठेवणीतली साडी, वर माझा कोट.

"म्हणजे त्यानं केलंच नाही, असं म्हणाले का?"

"नाही आई. केलं की नाही, ते बघायचंच नाही, असं म्हणाले."

तू मान हलवलीस आणि लिफ्ट कुठं आहे ते विचारलंस. तुझी दोन बोटं पुढे कधी नीट वळली नाहीत. लाडू वळता येईनात, म्हणून काकांनी तुला बॉक्स भरायला बसवलं. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. फक्त माझ्या अभ्यासाबद्दल विचारायचं सोडून दिलंस.

दोन वर्षांनी त्या राजाला त्याच्याच सैन्यानं हाकललं. टीव्हीवर बातमी बघताना तू हातातली वाटी खाली ठेवलीस. "आता तो कोण?"

"कोणी नाही. माजी राजा."

"मग आता आपली केस?"

"आता काही होत नाही, आई. संपलं ते."

ते खोटं होतं. त्याच सकाळी वकिलांचा मला ऑफिसात फोन आला होता. तो राहायला अमेरिकेतच येतोय. गादी गेलेल्या राजाला, तेही राज्यकारभारात नव्हे, स्वतःच्या घरात केलेल्या अशा गोष्टीसाठी, ते संरक्षण मिळेलच असं नाही. खात्री देत नाही, पण ट्राय करू, फक्त आईंची संमती हवी, असं ते म्हणाले. मी आवाज खाली आणून म्हटलं, "आईची इच्छा नाही."

तुला त्रास नको म्हणून मी तसं केलं, असं पुढे मी स्वतःला समजावत आले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. त्या मोठ्या लॉ फर्ममध्ये मी नवीन लागले होते. केस पुन्हा उभी राहिली असती तर पेपरात आलं असतं, राजाची स्वयंपाकीण म्हणून तुझं नाव छापलं असतं. आणि ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं होतं, माझी आई शिक्षिका आहे.