मागच्या दोरीवरचं कापड

९ डिसें. २००१
ट्यूशनला केमिस्ट्रीची टेस्ट. वसमतच्या एसटीत थंडीतसुद्धा घाम फुटला. फणीत केसांचा गुंता येतो नुसता. आई म्हणते, नीट जेवत जा. घास उतरेल तर ना!

१४ डिसें.
काकूने चुलीपाशी सगळ्यांदेखत विचारलं, "काहून गं, दसऱ्यापासून तू बाजूला बसली न्हाईस?" या घरात पाळी आली की पडवीत बसायचं. त्यामुळे आलेली लपत नाही, न आलेलीही लपत नाही. बारावीचं टेन्शन, म्हटलं. काकू हसली. आईचा हात पिठातच थांबला.

१५ डिसें.
आईने एकटीला गाठून विचारलं, "ट्यूशनला कोण पोरं येऊन राहिली? खरं सांग." आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा उलटी झाली. तीही नेमकी तिच्यासमोर. आता तर तिची खात्रीच पटली असणार!

२० डिसें.
आईने गुपचूप वसमतला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लघवी तपासली. तसलं काही नाही. धास्तीनेही पाळी थांबते म्हणाल्या, हिला खाऊ द्या, झोपू द्या. येताना आई म्हणाली, "घरी बोलू नको. दवाखान्यात नेलं म्हणलं तरी बोभाटा व्हईल."

२७ डिसें.
काकूने बाबांच्या कानावर घातलंच. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ट्यूशन बंद, शिरड शहापूरचं स्थळ बघू. आईने डॉक्टरीणबाईंचं नावही काढलं नाही. भयंकर राग आलाय.

२ जाने. २००२
पडवीत बसले. आलेली नाही, खोटीच बसले. काकूने लांबूनच ताट सरकवलं, चेहरा पडलेला. बाबा म्हणाले, जाऊ दे तिला ट्यूशनला. इथे कोणी काम सांगत नाही, ऑरगॅनिकचा धडा संपला. सुटल्यासारखं वाटतंय. लाजही वाटते.

४ जाने.
घोळ झाला. पडवीत बसलेय, पण मागच्या दोरीवर पाळीचं धुतलेलं कापड नको का? डोक्यातच आलं नाही. सकाळी घाबरत परसात गेले तर दोरीवर ओलं कापड, आईच्या जुन्या लुगड्याचं. वरून माझी ओढणी, आम्ही झाकतो तशी. आई तिथेच उभी.
"उचलू नको. काकूला दिसू दे."
डॉक्टरीणबाईंचं तिला पटलंय, की अजून शंका आहे आणि मला झाकतेय? तशीच पडवीत परतले.
पुढच्या महिन्यात परीक्षा. तोवरही पाळी आली नाही, तर पुन्हा खोटंच बसायचं का?