स्वेटरांमागची स्लीपिंग बॅग

अगं,

संसाराचा पाया विश्वास असतो. म्हणूनच तू ऑफिसला गेल्यावर मी तुझं कपाट तपासलं.

गेला आठवडाभर तू बाल्कनीत जाऊन दुकानदाराला फोनवर सांगत होतीस, "ऊब भरपूर हवी हो, पण गुंडाळली की पर्समध्ये मावली पाहिजे. नाही नाही, एकाच माणसासाठी." शेवटचं वाक्य जरा जास्तच ठामपणे म्हणालीस. आज स्वेटरांमागे ती सापडली, नारळाएवढी. उशी बदलली तरी जिला झोप लागत नाही, ती बाई एकटी निघाली कुठे? माहेरी तर गाद्या आहेत.

खात्री करावी म्हणून आत शिरलो. माझे पाय नेमके टोकाला लागले. तू तर तिच्यात हरवून जाशील. म्हणजे जाणार मी आहे! माझ्या घोरण्यावरून तू बोलली होतीस खरी, पण प्रकरण या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. जायला माझी हरकत नाही. परत यायचं आहे की नाही, तेवढं सांग.

भाजी ओट्यावर झाकून ठेवली आहे.

तसा मी सध्या कुठेच जाऊ शकत नाही. चेन पोटाशी अडकली आहे. ही चिठ्ठीसुद्धा उड्या मारत येऊन फ्रिजला लावली.