ताईचा घास

६ सप्टेंबर १९९२, रविवार
आलो बाबा एकदाचे मीरा रोडला! पेणकरपाड्याजवळची बिल्डिंग, खिडकीतून मिठागरं दिसतात, वारा नुसता भन्नाट. सेक्रेटरी बबनराव स्वतः चहाचा थर्मास घेऊन आले. इतका गोड माणूस की तो गेल्यावर चहा मी मोरीत ओतला.

दोन वर्षांपूर्वी आमची ममताताई इथेच भाड्याने राहायची. ह्याच गच्चीवरून पडली. पोलिसांनी अपघात लिहून फाईल मिटवली. गच्चीची चावी मात्र फक्त बबनरावांकडे असते. म्हणून मी आणि पराग खोटं आडनाव सांगून आलोय. धाकटा भाऊ माझा, वीस वर्षांचा घोडा, पण अक्कल सातची.

११ सप्टेंबर
शेजारच्या अनसूयाकाकूंशी गट्टी जमली. आज मेथी निवडताना बोलून गेल्या, ती पडलेली पोरगी आधी पलीकडून गच्चीचं दार बडवत होती, काका सोडा म्हणून ओरडत होती. काका म्हणजे बबनराव. आपण कुणाला काय बोललो न्हाय, म्हणाल्या. इतका राग आला त्यांचा! शेवटी सोमवारी चौकीत यायला कबूल झाल्या.

१४ सप्टेंबर
काकूंचं डोकं दुखतंय म्हणे. पुढच्या सोमवारी.

१८ सप्टेंबर
पितृपक्षातली ताईची तिथी. पराग हटूनच बसला, घास गच्चीवरच ठेवायचा. आजोबांसाठी म्हणून चावी मागून आणली. पान ठेवलं. कावळे कठड्यावर बसून, पण एक शिवेल तर शपथ. अर्धा तास गेला. शेवटी पराग हात जोडून रडत मोठ्याने म्हणाला, ताई, त्या बबनरावाला फासावर चढवल्याशिवाय राहणार नाही.

कावळा लगेच शिवला.

वळले तर दारात बबनराव. त्यांनीही हात जोडलेले. हसून विचारलं, आजोबांना ताई म्हणता होय?

१९ सप्टेंबर
काकू दार उघडत नाहीत. आत भांडी वाजतायत.

दुपारी
कालचं पान उचला म्हणून बबनरावांनी परागला वर बोलावलं. जाऊ नको म्हटलं. भितो का काय त्याला, म्हणाला, गेला.

वर दार बडवतंय कुणीतरी— धावले— कुलूप— पलीकडे पराग—

आता आवाज नाही. खाली बायका किंचाळतायत. देवा.

घरात येऊन कडी घातलीय. जिन्यात चपला. माझ्याच दाराशी. तू ममताची कोण, विचारतायत, अगदी हळू. काकू, ही वही तुमच्या बाल्कनीत टाकतेय. आता तरी बोला हो. मी ओरडून सांगितलं, बहीण! सख्खी बहीण! कडी नि—