बर्गेनची वही

७ नोव्हेंबर, यान्बू, सौदी
इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज. पुढच्या शुक्रवारी दामले बोलणार. विषय: हान्सा, उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा जुना संघ.
दामले! रिफायनरीत इंजिनिअर, फॅमिली स्टेटस, म्हणजे बायकोला इथे आणायची परवानगी, वर व्हिला. उन्हाळ्यात बायकोला घेऊन जर्मनीतलं ल्युबेक, नॉर्वेतलं बर्गेन बघून आला. आठ दिवस.
मी सहा वर्षं वाचतोय. चार वह्या भरल्या. मीठ कुठून यायचं, हेरिंग मासे कुठे खारवायचे, एखाद्या शहराने करार मोडला की बाकीची त्याला कशी वाळीत टाकायची. मला कुणी बोलावलं नाही. बोलावणार कसं, सांगितलंय कुणाला? फक्त कामगार कॅम्पवरच्या माझ्या खोलीतल्या नझीरभाईंना, दापोलीच्या.
ते म्हणाले, "मग जाऊन सांग ना मंडळाला."
नाही सांगितलं.

९ नोव्हें.
कामात लक्ष नाही. प्लांटवर एकच प्रेशर गेज दोनदा तपासला.

१४ नोव्हें., शुक्र.
चांगला बोलला. तेच तर. धक्क्यावरच्या लाकडी वखारींचे फोटो, बायका कौतुकाने बघतायत. मग म्हणाला, "बर्गेनला हे जर्मन व्यापारी बायकापोरांसह सुखात राहायचे."
उभाच राहिलो. "चूक. लग्नाला बंदी होती त्यांना. नुसते पुरुष, दाटीवाटीने. आगीच्या भीतीने राहत्या खोल्यांत शेकोटीसुद्धा नाही. वर्षानुवर्षं!" आवाज चढला.
मागून कुणीतरी, "म्हणजे आपला कॅम्पच की!" हशा. दामलेही हसला. वर लिहून घेतलं. "थँक यू, मला माहीतच नव्हतं."
त्याचा चेहरा पडायला हवा होता. पडला नाही.
परतताना नझीरभाई: "बोललास ते बरोबर. पण असा बोललास, जशी त्याने तुझी चोरी केली."

१५ नोव्हें.
गुहागरहून सुनंदाचा फोन. भाषणाचा व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचलाय. "काय छान समजावून सांगतात रे ते दामले!"
लग्नाला अकरा वर्षं झाली. माझ्या कुठल्या गोष्टीला ती असं म्हणाल्याचं आठवत नाही.
मग, "शेवटी ओरडला तो कोण? आवाज तुझ्यासारखा वाटला."
"मीच."
"तुला हे सगळं येतं? मला कधी बोलला नाहीस."
फोनवर आईचे गुडघे, गळकी टाकी, एवढ्यातच सगळं...

२१ नोव्हें., शुक्र.
दामले कॅम्पवर आला. नझीरभाईंच्या खाटेवर बसून चहा प्यायला. "तुमच्या वह्या बघायला द्याल? दोघं मिळून पुस्तक करू. नाव तुमचं आधी."
माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं.
तीन दिल्या. चौथी, बर्गेनची, गादीखाली. नझीरभाईंनी पाहिलं, जेवायला एकटेच गेले.

२४ नोव्हें.
दामलेचा मेसेज: "तिन्ही वाचल्या. थक्क झालो. बर्गेनबद्दल अजून काही लिहिलंय का? पुस्तकाचा जीव तिथेच आहे."
'नाही' टाइप केलं. पुसलं.

२५ नोव्हें.
सुट्टी टाकली. सकाळीच सुनंदाला फोन लावला. म्हटलं, ऐक, वाचून दाखवतो. बर्गेनची वही, पहिल्या पानापासून. चुलीवर काहीतरी होतं तिचं, ते उतरवून बसली. तासभर. मधे एकदाही "बरं, ठेवते" नाही.
शेवटी विचारलं, "आणि त्यांच्या गावी? कुणी वाट बघणारी नसायची?"
"तसं कुठे वाचलं नाही."
"शोध ना मग."
दामलेला अजून उत्तर दिलेलं नाही.