ग्राफिक्स कार्डाला पाणी पाजल्याची हकीकत

तीर्थरूप आत्येस,

तुझ्या भाचीचा इथूनच, खुर्चीवरून उठून केलेला नमस्कार. (खरंच उठले होते. तू म्हणशील बसल्या बसल्या लिहिला असेल.)

तुझे गुडघे कसे आहेत? मोठ्या शिलाई मशिनीचा पट्टा बदलून घेतलास का? काजवाली मावशी अजून बटणं ओठांत धरूनच बोलते का? आणि कान? कानांचं मुद्दाम शेवटी विचारलं, आधी विचारलं असतं तर तू पत्र तिथंच मिटून ठेवलं असतंस. मागे फोनवर मी तुला विचारलं, "आत्या, जेवलीस का?" तर तू म्हणालीस, "उद्या देते, काजं राहिलीत." मग "बरं बरं, ठेवते" म्हणून ठेवलाससुद्धा. त्या दिवसापासून मी पत्र लिहिते. कागदाशी बोलताना ओरडावं लागत नाही.

माझी तब्येत उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं. ऑफिसातली माणसं चांगली आहेत. काळजी करण्यासारखं काहीही नाही. पत्र खरं तर इथंच संपायला हवं, पण ग्राफिक्स कार्डाची हकीकत राहिली.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरचा एक भाग. मुळात तो पडद्यावर चित्रं दाखवण्यासाठी असतो, पण हजारो लहान लहान हिशेब एकाच वेळी करतो. शाळा सुरू होण्याआधी गणवेशांच्या घाईत आपल्या पाचही मशिनी एकदम धावतात ना, तसं. या कार्डावर मी एका प्रोग्रॅमला आपल्या घरचं बोलणं ऐकून लिहायला शिकवते आहे. तसे तयार प्रोग्रॅम मिळतात, पण ते बातम्या सांगणाऱ्यांचं बोलणं शिकलेले असतात. आपल्या दुकानात कुणी कधी वाक्य पूर्ण केलंय? त्यात मशिनींचा आवाज. म्हणून इकडे यायला निघण्याआधी महिनाभर मी फोन कात्र्यांच्या डब्यामागे लपवून तुमचं सगळं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. (मावशी शेजारणीबद्दल जे बोलली तेही त्यात आहे. तिला सांगू नकोस.) प्रोग्रॅम शिकला की गल्ल्यापाशी एक छोटा पडदा ठेवायचा. कुणीही बोललं की ते तुला वाचता येईल. गिऱ्हाईक बोललं तरी, मावशी बोलली तरी, मी बोलले तरी. विशेषतः मी बोलले तरी. विज्ञान ज्यांना लागतं त्यांच्या गल्ल्यापर्यंत पोचलं पाहिजे, असं मी पदवी घेतानाच ठरवलं होतं. (ती पदवी बाबांनी चौकटीत घालून ट्रायलच्या खोलीत का लावली आहे? अर्धवट कपड्यांतली माणसं ती वाचत उभी राहतात.)

तर हे कार्ड तापतं. गार ठेवायला त्यावर तीन पंखे होते आणि ते असे घोंघावायचे की खालच्या खोलीतल्या नर्सबाई वर आल्या. त्या रात्रपाळी करून दिवसा झोपतात आणि मी शिकवणी सकाळी चालू करून ऑफिसला जाते. म्हणाल्या, "पिठाची गिरणी टाकलीत का वर?" मी म्हटलं, "नाही हो, शिक्षण चालू आहे." म्हणाल्या, "मग शिक्षणाला जरा हळू बोलायला सांगा."

ऑफिसात ही अडचण सांगितली तर गॅरंटी पुढे सरसावले. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही, कारण ते कशाचीही गॅरंटी देतात. (चहा गोड निघेल याचीही देतात.) म्हणाले, "पंखे काढा आणि कार्ड पाण्याने गार करा. गळणार नाही, गॅरंटी." आता तू कपाळाला हात लावशील. पण हे शास्त्र आहे, आत्या. कार्डाच्या मुख्य चिपवर तांब्याची पोकळ पाटी बसवायची. एक छोटा पंप तिच्यातून नळीवाटे पाणी फिरवतो. पाणी उष्णता घेऊन जाळीत जातं, गाडीच्या रेडिएटरसारख्या, आणि तिथे निवून परत येतं. पाण्याची आणि विजेची कुठेच गाठ पडत नाही. एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा असतात तसं त्यांचं असतं.

मी सुट्टीच्या दिवशी बसून सगळं जोडलं. मुख्य चिप अगदी गार. मला इतका अभिमान वाटला की मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. शोधल्यावर कळलं, मुख्य चिपच्या चहूबाजूंनी मेमरीच्या चिपा बसलेल्या असतात आणि त्याही तेवढ्याच राबतात. माझी पाटी होती लहान, ती फक्त मुख्य चिपपुरती. आणि पंखे मी काढून टाकलेले. म्हणजे पाहुण्याला गारव्यात बसवलं आणि घरच्या माणसांना चुलीपाशी. गॅरंटींना जाब विचारला तर म्हणाले, "गॅरंटी न गळण्याची होती. गळलं का?"

मग मोठी पाटी आणली, सगळ्यांवर पसरणारी. मेमरीच्या चिपा मुख्य चिपपेक्षा बुटक्या असतात, त्यामुळे त्यांच्या आणि पाटीच्या मधे मऊ रबरासारख्या पट्ट्या कापून घालायच्या, म्हणजे उष्णता पाटीपर्यंत पोचते. पट्टी किती जाड घ्यायची ते पाटीच्या खोक्यावर स्पष्ट छापलं होतं. मी त्याहून जाड घेतली. का, ते जगात फक्त तुलाच समजेल. तुझ्या हाताखाली वाढलेली मुलगी नेमक्या मापाचं काही घेऊच शकत नाही. शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची माया ठेवायची, पुढे लागली तर उसवता येते, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. पदवीदानाला तू शिवलेल्या कुडत्यात मी आणखी दोन पदव्या मावतील एवढी मोकळी होते. पण तांब्याला मायेची सवय नाही. पाटी त्या गुबगुबीत पट्ट्यांवर ऐटीत बसली आणि मुख्य चिपपासून केसभर वर राहिली. आता मेमरी गार आणि मुख्य चिपवर भाकरी भाजावी.

पाटी काढायला गेले, तर आधी पाणी काढून घ्यायचं विसरले. नळी सुटली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले (आपल्या घरचा आवाज, तुला माहीत आहे) की नर्सबाई झोपेतून उठून धावत आल्या. त्यांनी नळी दोन बोटांत दुमडून धरली, सलाइनची धरतात तशी, आणि म्हणाल्या, "रक्त नाही ना? मग किंचाळताय कशाला?" मी कार्ड पुसून आठवडाभर वाळवलं, नेमक्या जाडीच्या पट्ट्या कापल्या, पाटी पुन्हा बसवली आणि बटण दाबलं. चाललं. सगळ्या चिपा गार. आवाज जवळजवळ शून्य. नर्सबाई आता स्वस्थ झोपतात.

मी झोपत नाही. म्हणजे झोपते, पण उशिरा. काय झालं, आत्या, ते पंखे घोंघावायचे तेव्हा संध्याकाळी जिन्यातूनच आवाज यायचा, पाचही मशिनी चालू असल्यासारखा. मी कुलूप काढता काढता हाक मारायची, "आत्या, आले गं." एकदा नर्सबाईंनी विचारलं, "आत कोण असतं?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." म्हणाल्या, "आणि त्याला आत्या म्हणता?" आता कुलूप काढलं की नळीतलं पाणी तेवढं ऐकू येतं, तेही कान देऊन. त्याला हाक काय मारणार?

प्रोग्रॅमची प्रगती समाधानकारक आहे. तो बरंच बरोबर लिहितो. फक्त कुणी बोलायचं थांबलं की त्या शांततेत स्वतःच "दोरा तुटला" असं लिहून टाकतो, कारण रेकॉर्डिंगमध्ये तू गप्प राहिल्यावर तुझं पुढचं वाक्य नेहमी तेच असतं. काल मी त्याला सांगितलं, "आत्या, मी इथे मजेत आहे." पडद्यावर आलं, "आत्या, मी इथे मजेत आहे दोरा तुटला." ही चूक दुरुस्त करायची आहे. अजून केलेली नाही.

बाबांना आणि मावशीला माझी आठवण सांग, आणि तू गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
पदवीवाली

ता. क. : पदवी ट्रायलच्या खोलीतून काढलीच पाहिजे असं नाही. तिथे निदान लोक वाचतात.

ता. क. : निघताना तू म्हणाली होतीस, "अर्धं शिवलेलं दाखवायला आणू नकोस." आणि मीही तावातावाने म्हणाले होते, पुरं झाल्याशिवाय उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. मी शब्द मोडत नाही. पण एक विचारते. तू स्वतः कच्चे टाके घालून गिऱ्हाइकाला बोलावतेसच ना? अंगावर बघितल्याशिवाय पक्की शिवण मारत नाहीस. याचंही तसंच आहे. तू समोर बसायला हवीस, मी बोलायला हवं आणि तुला वाचता येतं का ते बघायला हवं. तर पुढच्या आठवड्यात ट्रायलला येऊ का?

ता. क. : ट्रायल इथे बसून रेकॉर्डिंगवरही घेता येते, असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू आलं नाही म्हण.

ता. क. : माझ्या खाटेवर कापडाचे तागे रचले असतील तर राहू देत, मी त्यांच्यावर झोपेन. फक्त मी येईन त्या दिवशी मशिनी लवकर बंद करू नकोस. मला त्या वळणावरूनच ऐकू यायला हव्यात.