संध्याकाळची हाक

२ सप्टेंबर

झालं! शेवटचा भाग हातावेगळा केला. एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलंय मी — आणि ते स्टॉकहोमच्या मोठ्या सभागृहात वाजणार! आजवर काय, तर चर्चच्या गायकवृंदांसाठी स्तोत्रं, शाळांसाठी गाणी आणि एकदा दह्याच्या जाहिरातीची एवढीशी धून. लोकांना माझी तेवढीच आठवते.

शेवट इंगेगर्ड आत्याच्या हाकेवर केलाय. लहानपणी उन्हाळ्यात मी तिच्याकडे हॅर्येदालेनला, डोंगरावरच्या गोठ्यांवर राहायचे. तिथल्या बायका जंगलात चरणाऱ्या गाईंना उंच आवाजात गाऊन बोलवायच्या. त्यातली एक हाक डोक्यातून कधी गेलीच नाही. पिवळा उजेड, तोंडात दलदलीतल्या फळांची आंबट चव, आणि चारी डोंगरांवरून येणारी ती हाक. इतकं सुख पुढे कशातच मिळालं नाही — दोन्ही लग्नं धरून! गाई घरी येतायत, म्हणून रचनेचं नाव ‘संध्याकाळची हाक’.

५ सप्टेंबर

कंडक्टर योआकिमचा फोन. “दिसा, शेवट वाचला. बायको विचारत होती, रडतोस का. आणि मी कांदा चिरत नव्हतो.” स्वयंपाकघरात नाचले. मांजर पळालं.

९ सप्टेंबर

आत्याला फोन केला. म्हटलं, तालमीला ये, पहिल्या प्रयोगापर्यंत राहा.

“बटाटे काढायचेत.”

“नंतर काढ.”

“गोठतील. तुला काय, तुझे बटाटे दुकानात उगवतात.”

तासाभराने तिचाच फोन. शेजारी काढून देतोय बटाटे. येतेय!

२३ सप्टेंबर

तालीम. रिकाम्या सभागृहात आत्या लोकरी टोपी घालून, स्वतःचा कॉफीचा थर्मास घेऊन बसली होती. चार हॉर्नवाल्यांनी चार कोपऱ्यांतून हाक उचलली तेव्हा अंगावर काटा आला. वाजवून झाल्यावर सगळे तिच्याकडेच बघायला लागले.

“वाजवलं छान,” आत्या म्हणाली. “पण ही संध्याकाळची नाही. हरवल्याची आहे. काही हरवलं की एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्याला हीच द्यायची. मग सगळ्या जणी गात गात शोधायला निघायच्या.”

एक हॉर्नवाला फिसकन हसला. मला तोंड कुठे लपवू असं झालं. कार्यक्रमपत्रिका छापून झालीय! मुलाखतींत मी गाई घरी येण्यावर भरभरून बोललेय!

“आणि सापडल्यावर?” मी विचारलं.

“ती वेगळी. जिला सापडलं तिने द्यायची. ती ऐकली की बाकीच्या घरी जायच्या.”

“मग ती गाऊन दाखव ना. शेवटाला जोडते.”

“का? काय सापडलंय?”

“अगं, नुसती—”

“नुसती देत नाहीत. उगाच दिली तर शोधणाऱ्या परत फिरतात आणि हरवलेलं तिकडेच राहतं.” तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. विषय संपला.

२४ सप्टेंबर

सकाळी धुमसत होते. दुपारी एकदम सुचलं! आनंदाचा धडाका नकोच. हाक जाईल — आणि उत्तराच्या जागी फक्त शांतता. योआकिमने विचारलं, “किती वेळ?” म्हटलं, लोक खोकायला लागेपर्यंत.

“आपली माणसं खोकणार नाहीत, दिसा. गुदमरून मरतील.” पण पेन्सिलीने तसंच लिहून घेतलं त्याने. ही शांतता जमली नाही तर माझं हसं होणार. पुन्हा कुणी मोठं काम देणार नाही, दह्यावर परत! तरी झोपेतसुद्धा हसत असेन मी आज.

२६ सप्टेंबर

झाला प्रयोग! 

शेवटची हाक गेली. शांतता. योआकिमचे हात हवेतच. कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. आणि माझ्या शेजारी आत्याने तोंड उघडलं. उभी राहिली नाही, कोट मांडीवर तसाच. चौऱ्याऐंशी वर्षांचा आवाज आधी फाटला, मग थेट छतापर्यंत गेला आणि हळूहळू उतरत आला. ही हाक मी कधीच ऐकली नव्हती. मी रडले, उघड उघड रडले. सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

आत पडद्यामागे योआकिमने तिला विचारलं, हे आधी ठरलं होतं का.

“बऱ्याच वर्षांपासून,” ती म्हणाली. सगळे हसले, मीही. मग मी विचारलं, काय सापडलं गं तुला? म्हणाली, सकाळची गाडी आहे, झोपू दे.

२७ सप्टेंबर

फलाटावर आत्याने सांगितलं. “कालची ती हाक तुझ्यासाठी होती. सहा वर्षांची होतीस, जंगलात हरवलीस. रात्रीचाही उजेडच होता, रात्रभर चारी डोंगरांवरून गात होतो. पहाटे मला सापडलीस, दलदलीच्या कडेला, फळं खाऊन तोंड पिवळं करून बसलेली. सापडल्याची हाक द्यायला गेले, तर घशातून आवाजच फुटेना. बाकीच्या दुपारपर्यंत शोधत राहिल्या. माझी हाक द्यायची राहून गेली. आणि तुझ्या आईला कळतं तर तिने तुला पुन्हा माझ्याकडे पाठवलं नसतं, म्हणून कुणी बोललंच नाही.”

“पण मी ओ का नाही दिली?”

“तेव्हाच विचारलं होतं तुला. म्हणालीस, ओ दिली असती तर तुमचं गाणं थांबलं असतं.”