फ्रेंच वस्तऱ्याखाली

फिलाडेल्फिया, २ जुलै १७९८

ती. बाबांस,
केझायाचा सा. न. वि. वि.

आपल्या गलबतांची फ्रेंचांशी समुद्रावर जुंपली आणि ओस पडलं ते आमचं दुकान. तुमच्या जावयाच्या, ओनोरेंच्या, वस्तऱ्याखाली आता कुणी मान देत नाही. का, तर तो फ्रेंच! समोरचा पाववाला योस्ट रोजचं गिऱ्हाईक. परवा दारातूनच म्हणाला की वहिनी, गळा एकच आहे हो, जपलेला बरा. सगळे हसले. ओनोरेही हसले. पण रोज संध्याकाळी ते रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहून चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत असतात.

नव्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या मनात आलं तर कुठल्याही परक्याला चौकशीशिवाय देशाबाहेर काढता येतं. हुकमाची वाट बघण्यापेक्षा आपणच जावं, असं ओनोरे म्हणतात. एका जरी माणसाने खिडकीचा पडदा उघडा ठेवून इथे दाढी केली तर राहीन, नाहीतर महिनाअखेरच्या जहाजाने फ्रान्सला निघेन म्हणतात. मला सातवा लागलाय, मला नेता येणार नाही. बाबा, तुम्ही टोपीला राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाची काळी फीत लावणारे, त्यांचे कट्टर. तुम्ही बसलात तर गल्ली बघेल. लग्नात त्यांच्या हातून दाढी करून घेतली नाहीत. आता तरी या.

लोभ आहेच, तो जरा लवकर निघू द्या.
तुमची केझाया

हिंगम, १४ जुलै १७९८

चि. केझाया हिस,
अ. उ. आ.

जावईबापूंना म्हणावं, इतकं घाबरायला काय झालं? कायदा हेरांसाठी आहे, हजामांसाठी नाही. लग्नात दाढी केली नाही ती त्यांनी अत्तर फासलं असतं म्हणून! गवताची कापणी उरकली की येतोच.

आणि पत्रात सरकारविषयी हात आखडता ठेव. पत्रं फोडतात म्हणे. सरकारला नावं ठेवली तर तुरुंग, असाही कायदा येतोय. हे लिहिताना मी दार लावून बसलोय, माझ्याच घरात. का, ते मलाही सांगता येत नाही.

आशीर्वाद आहेत, मागोमाग मीही आहे.
तुझे बाबा

फिलाडेल्फिया, ६ ऑगस्ट १७९८

प्रिय ओनोरे यांस,
केझायाचा सप्रेम नमस्कार.

तुमचं जहाज सुटलं आणि पाठोपाठ बाबा आले. वाटेत कुठेही दाढी न करता, गालावरचे खुंट तुमच्यासाठी राखून. तुम्ही गेल्याचं त्यांना दारातच कळलं. मग स्वतः पडदा सरकवला, काळ्या फितीची टोपी रस्त्याला दिसेल अशी मांडीवर ठेवली, गळपट्टा सोडला आणि मला म्हणाले, चालव.

तुमचा मागे राहिलेला वस्तरा मी चालवला. हनुवटीखाली लागलंच थोडं. बाबा हलले नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लोक थांबून बघत होते. शेवटी योस्ट आत आला आणि मान खाली घालून बाकावर बसला. आता रोज येतो.

तुमच्या नावाचा हुकूम निघालाच नव्हता, ओनोरे. बाबा सरकारी कचेरीत विचारून आले. तुम्हाला कुणी घालवलंच नाही.

तुमच्या जहाजानंतर फ्रान्सकडे पत्र नेणारं दुसरं जहाज मिळत नाही. संध्याकाळी पट्ट्यावर वस्तरा परजल्याचा आवाज येतो. मी वस्तरा पेटीत ठेवून कुलूप लावलं, तरी येतो. बाळ पोटात त्याच वेळी हलतं.

लोभ धाडायला वाट नाही, म्हणून इथेच ठेवते. येऊन घ्यावा.
तुमची केझाया